हॅलोवीनच्या क्राफ्ट फेअरमध्ये पहिल्यांदाच टेबल घेतलंय, काय करू आणि काय नको?

लोकरवेडी
२३ ऑगस्ट

बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, आज पहिला धागा काढला, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या टाउनशिपचा (न्यू जर्सी) हॅलोवीन क्राफ्ट फेअर असतो, ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी, शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये, सकाळी १० ते दुपारी ४. दर वर्षी पोराला घेऊन जाते आणि दर वर्षी घरी येऊन म्हणते की यातलं अर्धं मला येतं. यंदा नवरा वैतागून म्हणाला मग भर ना फॉर्म. भरला. काल ईमेल आली, जागा मिळाली, ६० डॉलर फी भरून झाली, म्हणजे आता माघार नाही.

जागा १० बाय १० फूट. तंबू, टेबल, खुर्च्या आपापल्या. स्टॉल हॅलोवीनसारखा सजवलेला हवा, पेटती मेणबत्ती चालणार नाही, येणाऱ्या पोरांसाठी कँडी ठेवायची (पाकीटबंदच), आणि सगळं हाताने केलेलं हवं, विकत आणून विकायचं नाही.

माझी यादी: क्रोशाचे भोपळे तीन साइजचे, क्रोशाची भुतं, वटवाघळांची माळ, पॉलिमर क्लेचे कानातले, सोय वॅक्सच्या मेणबत्त्या, साबण, अंधारात चमकणारे दगड, रंगवलेले खरे भोपळे, आणि वेळ उरला तर मुलांसाठी केप. प्रत्येकी २०-२५ नग धरलेत. हातात बरोब्बर ८ आठवडे आहेत, नोकरी आहे, पोरगा ७ वर्षांचा आहे. ज्यांनी असे स्टॉल लावलेत त्यांनी कृपया अनुभव लिहा.

तिखटमीठ

"वेळ उरला तर केप"
हे वाक्य फ्रेम करून कामाच्या टेबलासमोर टांगा.

गाठोडं

अभिनंदन! मी ११ वर्षं स्टॉल लावतेय, त्यातले हॅलोवीनचे आठेक असतील. यादी वाचून मला माझंच पहिलं वर्ष आठवलं, त्यामुळे रागावू नकोस, जरा कात्री लावते.

आधी हिशोब कर. एक छोटा क्रोशाचा भोपळा शिवणं-भरणं-देठ धरून पाऊण तासाच्या आत होत नाही. तू रोज दीड तास बसलीस, एकही दिवस न चुकता, पोराला ताप नाही, ऑफिसचं लेट कॉल नाही, तर ५६ दिवसांचे ८४ तास. म्हणजे ११२ भोपळे आणि बाकी शून्य. तू लिहिलेल्या ९ प्रकारांत एवढे तास बसतच नाहीत गं.

आणि दुसरी गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती. ख्रिसमसचा माल उरला तर डिसेंबरच्या शेवटापर्यंत कुठेतरी खपतो, हॅलोवीनचा माल ३१ ऑक्टोबरला रात्री मरतो. १ नोव्हेंबरला लोक दारातला सांगाडा उचलून गराजमध्ये टाकतात आणि तुझ्याकडे उरलेल्या ४० भुतांकडे कुणी ढुंकून बघत नाही. माझी पहिल्या वर्षीची वटवाघळं पुढची तीन वर्षं टबमधून माझ्याकडे बघत होती.

त्यामुळे आता मी भोपळे दोन तोंडांचे करते. एका बाजूला फेल्टचे डोळे-दात, दुसरी बाजू कोरी. ऑक्टोबरभर डोळे पुढे, मग फिरवून ठेवला की थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारपर्यंत चालतो. गिऱ्हाईकाला फिरवून दाखवायचं, एवढ्यावर विकला जातो. चेहरेवाला माल एक तृतीयांश, बाकी नुसता पानगळीचा, म्हणजे मोहरी रंग, विटकरी, मळकट पांढरा. उरला तर पुढच्या फेअरला नेता येतो.

तीन प्रकार ठेव. जास्तीत जास्त चार.

लोकरवेडी

११२ चा आकडा वाचून पाणी प्यायले :( दोन तोंडांची आयडिया मात्र एकदम मस्त.

फेसाळ

साबणवाली मी. साबण करणार असाल तर आजच्या आज ठरवा. कोल्ड प्रोसेस (न शिजवता केलेला) साबण ४ ते ६ आठवडे वाळवावा लागतो, नाहीतर मऊ राहतो आणि चटकन विरघळतो, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर केलेला तुमच्या फेअरला धड तयार नसेल. मेल्ट अँड पोअर बेस वितळवून ओतलात तर थांबायला लागत नाही, पण मग अख्ख्या रांगेत सगळ्यांकडे तेच साचे असतात.

आता माझी फजिती. मी पांढरीशुभ्र भुतं केली होती साबणाची, ३६, आणि सीझन आहे म्हणून पम्पकिन स्पाइसचा सेंट घातला. दोन आठवड्यांनी रॅकवर बघते तर सगळी भुतं चहात बुडवल्यासारखी. त्या सेंटमध्ये व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास देणारं) होतं आणि व्हॅनिलिनने साबण तपकिरी पडतो, बाटलीवर लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. तेव्हापासून पांढऱ्याला व्हॅनिलिन नसलेलाच सेंट, आणि काळ्यासाठी ॲक्टिव्हेटेड चारकोल (कोळशाची पूड). चारकोल जपून, जास्त झाला की फेस राखाडी येतो आणि लोकांच्या टॉवेलवर डाग पडतात.

तिखटमीठ

चहात बुडवलेली भुतं, मला तरी हीच विकत घ्यावीशी वाटतायत.

फेसाळ

विकली ना! "मातीतून उठलेली भुतं" असा बोर्ड लावला. २२ गेली.

सुताराचा_पक्षी

दादालोकांतर्फे मी. लाकडाचं काम करतो, दोन वर्षं आमच्या इथल्या फॉल फेअरला बसतोय (ओहायो).

तंबू. सगळ्यात आधी तंबू. पार्किंग लॉट म्हणजे डांबर, म्हणजे खुंट्या ठोकता येणार नाहीत, वजनं लागणार. बहुतेक ठिकाणी दर पायाला ४० पौंड सांगतात आणि ते खरंच लागतात. पाण्याचे जग बांधून चालेल असं समजू नका, १ गॅलन पाणी म्हणजे ८ पौंडांच्या जेमतेम वर, पायाला ५ जग कुठे अडकवणार. मी ४ इंची पीव्हीसी पाइपात काँक्रीट भरून वर हूक बसवलाय. ऑक्टोबरात वारा अचानक येतो आणि पॉप-अप तंबू म्हणजे चार पायांची पतंग आहे, उडला तर तुमचा माल जाईल ते जाईल, शेजारच्याचं डोकं फुटेल.

तंबूवर आग न धरणाऱ्या कापडाचं लेबल शिवलेलं असतं, सीपीएआय-८४ लिहिलेलं, ते कापू नका. फायर मार्शल बघायला येतो तेव्हा तेच बघतो.

अर्धी_कैची

केपबद्दल आणि भुतांबद्दल लिहिते कारण हे कुणी लिहिलेलं दिसत नाही. अमेरिकेत १२ वर्षं आणि त्याखालच्या मुलांसाठी म्हणून जे विकाल त्याला २००८ चा सीपीएसआयए, म्हणजे वस्तूंच्या सुरक्षिततेचा कायदा लागतो. घरी केलंय, दहाच केलेत, असली सबब चालत नाही. शिशाचं प्रमाण, तीन वर्षांखालच्या मुलांसाठी असेल तर सुटणारे बारीक भाग, वस्तूवर कुणी कधी कुठे केली याचं लेबल, टेस्टिंग, असं बरंच आहे. छोट्या उत्पादकांना काही टेस्टिंगमधून सूट मिळते पण त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं आणि सगळ्यातून मिळत नाही.

भरलेली खेळणी असतील तर पेनसिल्व्हेनियासारख्या काही राज्यांत वर आणखी राज्याचं रजिस्ट्रेशन लागतं. लोकरवेडी तुम्ही जर्सीत आहात पण नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियातल्या फेअरला जायचं झालं तर लक्षात ठेवा.

म्हणून मी मुलांचं काहीच करत नाही. भोपळे, माळा, टेबल रनर, म्हणजे मोठ्यांच्या घराची सजावट. आणि हो, गुबगुबीत भूत करायचं, त्याला गोड प्लॅस्टिकचे डोळे लावायचे, खालच्या शेल्फवर मुलांच्या हाताशी ठेवायचं आणि टॅगवर "हे खेळणं नाही" लिहायचं, याने सुटका होत नाही. खेळण्यासारखं दिसतंय आणि खेळणं म्हणून विकताय तर ते खेळणंच. त्यापेक्षा भुताच्या डोक्याला दोरा लावा, माळ करा, उंच टांगा.

लोकरवेडी

बाप रे हे काहीच माहीत नव्हतं. केप कट. भुतांची माळ करते, डोळे धाग्याने भरते, प्लॅस्टिक नकोच.

झिपरू

एवढं सगळं टाउनशिपच्या फेअरला कोण बघायला येतंय हो? आमच्याकडे एक बाई कित्येक वर्षं टेडी विकतेय, कुणी विचारलं नाही.

अर्धी_कैची

कुणी विचारत नाही हे खरंय. पण एखाद्या पोराच्या घशात डोळा अडकला तर सगळेच विचारतील. तुमची मर्जी.

गाठोडं

अनुमोदन. आणि आयोजक इन्शुरन्स मागतात हल्ली, १० लाख डॉलरच्या लायबिलिटीचं सर्टिफिकेट, त्यावर त्यांचं नाव जास्तीचे विमाधारक म्हणून. एका दिवसाची पॉलिसी मिळते. फॉर्मच्या मागच्या पानावर बघ, तिथेच लपवलेलं असतं.

कोरी_पाटी

मध्येच विचारतेय, वेगळा धागा काढायला हवा होता का माहीत नाही. मी एच-४ वर (नवऱ्यामुळे मिळालेल्या व्हिसावर) आहे, ईएडी (काम करायचा परवाना) नाही. मलापण मैत्रिणीबरोबर अर्धं टेबल घ्यायचंय. नवऱ्याच्या नावाने फॉर्म भरला तर चालेल का? तो एच-१बी वर (नोकरीच्या व्हिसावर) आहे.

गाठोडं

नको गं बाई.

सुताराचा_पक्षी

कोरी_पाटी, नका करू. एच-४ ला ईएडीशिवाय कमाईचं काम करता येत नाही आणि स्वतः बनवून विकणं हेही कामच धरतात, दिवस एक असो नाहीतर शंभर. नवऱ्याच्या नावाने घेतलं तर उलट जास्त वाईट, एच-१बी वाल्याला ज्याने स्पॉन्सर केलं त्याच्याकडचंच काम करता येतं, बाजूला स्टॉल नाही. "छंद आहे" म्हणून सुटत नाही, विकायला बसलात की धंदा.

२०१५ पासून काही एच-४ वाल्यांना ईएडी मिळतं, मुख्यतः नवऱ्याचा किंवा बायकोचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठीचा अर्ज) मंजूर असेल तर. तसं असेल तर आधी ते काढा. मैत्रिणीच्या टेबलावर नुसतं मदतीला बसणं चालेल का वगैरे वकिलालाच विचारा, इथे कुणी कितीही ठामपणे सांगितलं तरी, आणि त्यात मीही आलो. ग्रीन कार्ड हातात यायच्या आधी ४० डॉलरच्या भोपळ्यांसाठी कशाला डोक्याला ताप.

कोरी_पाटी

ठीक. वाईट वाटलं पण बरं झालं विचारलं. यंदा शेजारणींना फुकट वाटते.

लोकरवेडी

कोरी_पाटी, मी चार वर्षं तेच केलंय, मग ईएडी आलं. सुया गंजू देऊ नकोस.

मशीनवाला_काका

लोकरवेडी, हाताने एवढे भोपळे करत बसण्यापेक्षा ते हँडल फिरवायचं गोल विणकाम मशीन घ्या, ४८ सुयांचं. नळी पाच-दहा मिनिटांत निघते, दोन्ही टोकं आवळायची, भरायचं, मधून धागा ओढून फाका पाडायच्या, झाला भोपळा. आमच्या सौ. एका संध्याकाळी १५ करतात.

लोकरवेडी

पण मग ते हाताने केलेलं धरतात का? फॉर्मवर स्पष्ट लिहिलंय.

गाठोडं

यावर दोन क्राफ्टर कधी एकमत होणार नाहीत. माझं मत, शिलाई मशीन चालतं तर हे का नाही, हँडल तुझ्याच हातात आहे. फक्त टॅगवर क्रोशे लिहू नकोस, ते विणकाम आहे. माहितगार बाई एका नजरेत ओळखते आणि मग तुझ्या बाकीच्या मालावरचा पण तिचा विश्वास उडतो.

अर्धी_कैची

मी असहमत. मशीनचा १२ डॉलरला आणि शेजारच्या टेबलावर क्रोशाचा २५ ला, गिऱ्हाईकाला फरक कळत नाही आणि मरतो कोण तर क्रोशेवाली. मागच्या वर्षी एकाच रांगेत चार भोपळेवाल्या होत्या, चौघींकडे त्याच मखमली लोकरीचे तेच मशीनचे भोपळे, एकमेकींकडे बघत बसल्या होत्या सगळ्या दिवसभर.

मशीनवाला_काका

आमच्या सौ.ना वाचून दाखवतो, त्या उत्तर देतील.

तिखटमीठ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गाठोडं

ती त्याच लोकरीची गोष्ट मात्र खरी. लोकरवेडी, तू क्रोशेच कर, पण दिसायला क्रोशे दिसू दे. लांबट आयत विणायचा, प्रत्येक ओळीत फक्त मागच्या फासातून, म्हणजे उभ्या रेघा येतात, मग शिवून नळी, टोकं आवळायची. खऱ्या भोपळ्यासारख्या फाका दिसतात आणि मशीनला तो पोत येत नाही. देठाला दालचिनीची काडी लाव, तंबूत आपोआप वास सुटतो.

रात्रपाळी

अंधारात चमकणाऱ्या वस्तूंबद्दल. पावडर घेताना स्ट्राँशियम ॲल्युमिनेट बघून घ्या, हिरवी चमकणारी. जुनी झिंक सल्फाइडची काही मिनिटांत विझते, ही काही तास मंद का होईना दिसत राहते. पण तुमचा फेअर १० ते ४, बाहेर लख्ख ऊन, तिथे तुमचे चमकणारे दगड म्हणजे नुसते फिकट पिवळे दगड. कोण घेणार?

एक मोठं खोकं घ्या, आतून काळं रंगवा, समोर डोळ्यांना दोन भोकं, दगड आत. काळं कापड वरून टाका. बस.

लोकरवेडी

रात्रपाळी!!! हे भारी आहे. फ्रिजचं नाही पण डिशवॉशरचं खोकं आहे गराजमध्ये.

फेसाळ

क्लेच्या कानातल्यांना नेलपॉलिशने चमक आणू नकोस, पॉलिमर क्ले त्याने हळूहळू चिकट होते. पाण्यावरचं वार्निश लाव. आणि भाजायचं तापमान पाकिटावरचंच, बहुतेकांचं २७५ फॅरनहाइट, ओव्हनमध्ये वेगळा थर्मामीटर ठेवून बघ, डायलवर भरवसा नको. माझे पांढरे सांगाडे एकदा टोस्ट झालेत.

तिखटमीठ

फेसाळ, तुमच्याकडे पांढरं काही पांढरं राहतं का? हलकं घ्या.

नारळीपाक

एक विनंती. कवट्या करताना त्या फुलाफुलांच्या रंगीत मेक्सिकन कवट्या हॅलोवीनच्या भुताखेतांत मिसळू नका. तो त्यांचा मृतांचा दिवस, १ आणि २ नोव्हेंबरचा, घरातल्या गेलेल्या माणसांसाठी वेदी मांडतात, फोटो ठेवतात, घाबरवण्याशी काही संबंध नाही. माझ्या ऑफिसातली मैत्रीण दर वर्षी याच गोष्टीवर चिडते. साध्या पांढऱ्या कवट्या करा, कुणाची हरकत नाही.

लोकरवेडी

हे लक्षातच आलं नव्हतं. साध्याच करते. आणि कार्टूनमधली पात्रं? पोरगा मागे लागलाय.

अर्धी_कैची

अजिबात नको. पात्रं स्टुडिओच्या मालकीची, स्वतःच्या पोराला घालायला कर, विकायला नाही.

सुताराचा_पक्षी

एक प्रकार सुचवू का जो कुणी करत नाही? टील भोपळा, म्हणजे निळसर हिरवा. ज्या घरी ॲलर्जीवाल्या पोरांसाठी खाऊऐवजी छोटी खेळणी, स्टिकर वगैरे ठेवतात ते दारात टील रंगाचा भोपळा ठेवतात. फूड ॲलर्जीवर काम करणाऱ्या फेअर नावाच्या संस्थेने २०१४ पासून देशभर चालवलंय ते. (हो, संस्थेचं नावच फेअर, आपला हा फेअर वेगळा.) मी पाइनचे पाऊण इंची कापून रंगवतो, मागे टेकू. मागच्या वर्षी केशरी १४ उरले, टील दुपारी १ लाच संपले, आणि घेणाऱ्या बायका थांबून गोष्टी सांगतात, पोराला शेंगदाण्याची ॲलर्जी, गेल्या हॅलोवीनला इमर्जन्सीत गेलो वगैरे. तुमच्या टेबलावरची कँडी पण दोन भांड्यांत ठेवा, एकात नुसती खेळणी.

गाठोडं

हे मी पण उचलणार. सुताराचा_पक्षी, रागावू नका.

सुताराचा_पक्षी

ओहायोत येऊ नका म्हणजे झालं :)

लोकरवेडी
६ सप्टेंबर

अपडेट. यादी आता अशी: दोन तोंडांचे भोपळे, भुतांच्या माळा, टील भोपळे क्रोशाचे छोटे, चमकणारे दगड. साबण-मेणबत्त्या-केप-खरे भोपळे सगळं रद्द. कानातले थोडेसे, कारण क्ले आणून झाली होती आणि जीव तुटत होता. खरे भोपळे तर बरंच झालं रद्द केले.

आता पैशांचं सांगा. सेल्स टॅक्स, कार्ड, सुट्टे.

गाठोडं

सेल्स टॅक्सचं रजिस्ट्रेशन केलंस का? जर्सीत धंदा सुरू करायच्या निदान १५ कामाच्या दिवसांआधी फॉर्म भरायचा असतो, मग सर्टिफिकेट येतं, ते छापून स्टॉलवर ठेव. उद्याच बस. ज्या राज्यांत राज्याचा सेल्स टॅक्सच नाही, ओरेगन, डेलावेअर, न्यू हॅम्पशायर वगैरे, तिथले लोक सुखी.

किमती गोल आकड्यात आणि "टॅक्स धरून" असा बोर्ड. जर्सीचा ६.६२५ टक्के आहे, २० ची वस्तू टॅक्स लावून २१.३३ होते, ३३ सेंट कुठून देणार तू. २० लाच वीक आणि त्यातले १.२४ सरकारचे म्हणून वहीत बाजूला लिही.

सुट्टे १०० डॉलर ने, त्यात १ च्या ४० नोटा आणि बाकी ५ च्या. पहिली तीन गिऱ्हाइकं २० ची नोट घेऊनच येतात, दर वेळी. डबा टेबलावर ठेवायचा नाही, कमरेला पाऊच. कार्ड रीडर घरी दोनदा चालवून बघ, आणि पार्किंग लॉटमध्ये सगळे एकदम फोन लावतात तेव्हा नेटवर्क बसतं, ऑफलाइन मोड आधीच चालू करून ठेव. व्हेन्मो (फोनवरून पैसे घ्यायचं ॲप) लावणार असशील तर बिझनेस प्रोफाइल, घरचं नाही.

झिपरू

आणि किंमत? तासाचे पैसे लावले तर कुणी घेईल का?

गाठोडं

लोकरीचे ४, टॅग-पिशवीचा १, पाऊण तासाचे १५ डॉलर तासाने ११ आणि थोडे. १६ च्या वर गेलाच. १८ ला वीक. ८ ला विकणारी शेजारी असेल तर असू दे, ती स्वतःचा वेळ फुकट विकतेय. मात्र टेबलावर ३ ते ५ डॉलरचं काहीतरी पाहिजेच, पोरांच्या हातात आजीने दिलेली ५ ची नोट असते आणि ती त्यांना खर्च करायचीच असते. तुझे दगड त्यासाठी.

टेबलाची उंची पण बघ, सगळं सपाट मांडलं तर चार फुटांवरून काहीच दिसत नाही. खाली खोकी ठेवून पायऱ्या कर, वर काळं कापड, माळा तंबूच्या आडव्या दांडीला.

मशीनवाला_काका

सौ. म्हणतात, ज्यांना क्रोशे परवडतो त्यांनी क्रोशे घ्यावा. त्यांनी आजच २० भोपळे केले.

अर्धी_कैची

काकूंना नमस्कार सांगा.

लोकरवेडी
१९ ऑक्टोबर

झाला काल! पाय बोलतायत पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

सकाळी ८ ला पोचलो, नवऱ्याने काँक्रीटचे पाइप उतरवताना तुम्हा सगळ्यांचा उद्धार केला, खास करून सुताराच्या पक्ष्याचा. साडेअकराला जो वारा सुटला, पलीकडच्या रांगेतला एक तंबू उचलला गेला आणि तीन गाड्यांवरून टप्पे खात कुंपणाला अडकला, नशिबाने कुणाला लागलं नाही, त्यांनी दोन पाण्याचे जग बांधले होते. त्यानंतर नवरा गप्प. मग दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःहून पाइप दाखवत होता.

भोपळे ३८ नेले होते, ३१ गेले. खरंच फिरवून दाखवलं की लोक घेतातच, एक आजोबा तर स्वतःच उभे राहून दुसऱ्यांना फिरवून दाखवायला लागले. टील १२ च्या १२ संपले, दोघींनी ऑर्डर दिली, त्यातल्या एकीला मुलाच्या ॲलर्जीबद्दल बोलताना रडू आलं, मला काय बोलावं कळेना, तिच्या पोराने मात्र खेळण्यांच्या भांड्यातून तीन कोळी उचलले. भुतांच्या माळा १५ पैकी फक्त ४ गेल्या. उंच टांगल्या होत्या ना, कुणाला किंमतच दिसत नव्हती, हे दुपारी २ वाजता नवऱ्याच्या लक्षात आलं. कानातले २०, बहुतेक शाळेतल्या शिक्षिकांनीच घेतले.

रोख कमी आणि कार्ड जास्त. नेटवर्क १ वाजता बसलंच. गाठोडंताई, पहिल्या तिघांनी २० च्याच नोटा दिल्या, मी हसले तर त्यांना वाटलं ही वेडी आहे.

फी, लोकर, तंबू (अर्धा भाव धरला, पुढच्या वर्षी पण वापरणार), इन्शुरन्स सगळं वजा जाता २१४ डॉलर उरले. तासाचे काढू नका प्लीज.

सुताराचा_पक्षी

२१४ मस्त आहेत हो! माझ्या पहिल्या वर्षी मी ७० डॉलर वजामध्ये होतो.

रात्रपाळी

आणि खोकं???

लोकरवेडी

अरे हो, तेच राहिलं! खोक्यासमोर रांग होती, खरंच रांग. पोरं डोळे लावायची, किंचाळायची आणि आईबापांना ओढून आणायची. ६० दगड अडीच वाजता संपले, शेवटचे आतले डेमोचे पण विकावे लागले, मग रिकाम्या खोक्यात पोराने स्वतःची चमकणारी चप्पल ठेवली आणि त्यालाही पोरं किंचाळत होती. आवरताना एक बाई आली, खोकं केवढ्याला म्हणे. मी म्हटलं अहो ते विकायचं नाहीये, डिशवॉशरचं आहे. नवरा अजून कुरकुरतोय की अख्ख्या स्टॉलवर ज्याला काही खर्च आला नव्हता तेवढंच तू विकलं नाहीस.